आजोबांचा खांदा आणि मी भरलेले चौकोन

तुम्हा दोघा भावंडांचं बोलणं बंद झालंय, हे मला तुमच्या आईकडून कळलं. कारण आजोबांचा खांदा. लीड्सहून तू एक अभ्यास पाठवलास, टोरांटोहून तुझ्या दादाने दुसरा पाठवला. दोन्ही छापून आलेले, दोन्ही जाणत्या माणसांनी केलेले, आणि एकाचा निष्कर्ष दुसऱ्याच्या बरोबर उलट. मग तुम्ही दोघांनीही मला वेगवेगळं गाठून विचारलंत, आजी, तूच सांग, बरोबर कोण? मी उत्तर दिलं नाही. निर्णय होऊन चार महिने झाले, तरी दिलेलं नाही. त्याला कारण आहे, आणि ते मी आजवर आजोबांखेरीज घरात कुणाला सांगितलेलं नाही. आता क्रमाने लिहिते. हल्ली मला फार वेळ एका जागी बसवत नाही, मध्येच उठून गॅस बंद आहे ना ते बघून येते, त्यामुळे कुठे तुटक वाटलं तर सांभाळून घ्या.

आजोबा पडले ते भायखळ्याच्या भाजीबाजारात. गिरगावात भाजी मिळते, पण दर शनिवारी बसने भायखळ्याला जायचं हा त्यांचा निवृत्तीनंतरचा नेम आहे. त्या दिवशी फ्लॉवरच्या ओल्या पाल्यावरून पाय सरकला आणि सगळं वजन उजव्या खांद्यावर आलं. नेहमीच्या भाजीवालीने त्यांना गोणीवर बसवलं आणि त्यांच्याच फोनवरून मला कळवलं. म्हणाली, काका पडलेत, हात हलवत नाहीत, पण पिशवीही सोडत नाहीत. मी टॅक्सीने पोचले तेव्हा पिशवी खरंच डाव्या हातात घट्ट धरलेली होती.

परळला नेलं. मी नोकरी केली ते हॉस्पिटल आता राहिलेलं नाही, त्या जागी टॉवर उभा आहे. हे दुसरं. तिथली हाडांची सर्जन तुमच्या आईच्या वयाची आहे. तिने स्कॅन पडद्यावर लावून दाखवलं. दंडाचं हाड वरच्या टोकाशी तीन तुकड्यांत मोडलं होतं आणि तुकडे जागचे हलले होते. ती म्हणाली, दोन रस्ते आहेत. हात गळ्यात बांधायचा, हाड आपलं आपण जुळू द्यायचं आणि मग व्यायाम. किंवा खांदा उघडून कृत्रिम सांधा बसवायचा. मी विचारलं, तुम्ही काय कराल? तिने सरळ सांगितलं, या वयात दोन्ही करतात, दोन्हीकडे माझेच पेशंट खूश आहेत आणि दोन्हीकडे नाराजही आहेत. दहा-बारा दिवसांत ठरवा. तुकडे जुळायला लागले की नंतर ऑपरेशन अवघड होतं.

मला तिचा राग आला. इतकी वर्षं डॉक्टरांत वावरूनही मला डॉक्टरकडून एकच रस्ता हवा होता.

आजोबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मधुमेह आहे, हृदयात स्टेंट आहे. घरी आल्यावर त्यांचा सदरा निघेना, तो मी कात्रीने कापला. दुसऱ्या दिवशी आंघोळ मी घातली. ते भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि एक शब्द बोलले नाहीत. तुम्ही त्यांना ओळखता. पाणी जास्त गरम आहे, साबण डोळ्यांत जातोय, काहीतरी ते बोललेच असते. मला तेव्हाच कळलं की प्रश्न हाडाचा नाही. हा माणूस पुढची वर्षं स्वतःच्या हाताने आंघोळ करील का, आणि त्यासाठी त्याच्या जिवाला ऑपरेशनच्या टेबलावर ठेवायचं का, एवढाच प्रश्न होता. आणि उत्तरासाठी दिवस मोजके होते.

तेवढ्यात तुमचं सुरू झालं. घरच्या ग्रुपवर आधी दादाचा अभ्यास आला. खाली त्याने लिहिलं होतं, मेटा-अॅनालिसिस आहे, म्हणजे सगळ्यात वरचा पुरावा, ऑपरेशनवाल्यांचा हात जास्त चांगला चालतो, विषय संपला. तासाभरात तुझा आला. तोही मेटा-अॅनालिसिस. त्याचं म्हणणं, ऑपरेशनने म्हाताऱ्या माणसांना जाणवेल असा फायदा नाही, त्रास मात्र वाढतो. त्यानंतर तुम्ही जे एकमेकांना लिहिलंत ते मी अजून पुसलेलं नाही. "दादा, तू फक्त शेवटचं वाक्य वाचतोस." "आणि तू ऑपरेशनला घाबरतेस, हे आधी कबूल कर." "तू इंजिनियर आहेस, हा पूल नाहीये." "पूल असता तर तीन दिवस नुसता बघत बसलो नसतो." मध्येच तुमच्या आईने हात जोडल्याचं चित्र टाकलं. आजोबांनी डाव्या अंगठ्याने टाइप केलं, "मी अजून जिवंत आहे." त्यावर तुम्ही दोघांनी हसण्याची चित्रं टाकलीत आणि पुन्हा भांडायला लागलात.

मी दोन्ही अभ्यास खालच्या दुकानातून छापून आणले. फूलस्कॅप कागद घेतला, पट्टीने रेघा मारल्या आणि तक्ता केला. मला गोष्ट चौकोनात बसल्याशिवाय समजत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

असा एकत्रित अभ्यास म्हणजे काय ते तुम्हाला माहीत असेल. मला मात्र स्वतःसाठी लिहून काढावं लागलं. कुणीतरी कुठल्यातरी शहरात चाळीस-पन्नास खांदे बघतो, कुणी दुसऱ्या देशात साठ बघतो. एकट्याचा आकडा लहान, त्यावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून तिसरं कुणी हे सगळे लहान अभ्यास गोळा करतं, त्यांचे आकडे एकत्र करतं आणि म्हणतं, आता उत्तर पक्कं झालं. कल्पना चांगली आहे. पण तक्ता भरायला घेतला तसं मला दिसायला लागलं की दोघांनी गोळा केलेलं सामान एक नाही. तुझ्यावाल्यांनी फक्त तेच अभ्यास घेतले होते ज्यांत कुणाचं ऑपरेशन करायचं हे चिठ्ठी टाकून ठरवलं होतं. दादावाल्यांनी डॉक्टरांनी आपल्या अंदाजाने ठरवलेलेही घेतले होते. डॉक्टर अंदाजाने निवडतो तेव्हा धडधाकट माणसाला टेबलावर घेतो आणि नाजूक माणसाला सोडून देतो. मग ऑपरेशनवाले जास्त बरे निघाले तर ते ऑपरेशनमुळे, की आधीच धडधाकट होते म्हणून? एकाने सहा महिन्यांनी हात मोजला, दुसऱ्याने दोन वर्षांनी. एकाने दोन तुकडे झालेले खांदेही धरले, दुसऱ्याने फक्त तीन आणि चार तुकड्यांचे. आणि ऑपरेशन या एका शब्दाखाली कुठे सळया होत्या, कुठे धातूची पट्टी, कुठे अख्खा नवा सांधा.

हे सगळं लिहून झाल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उठले, गॅलरीत जाऊन आले, वाळत घातलेले टॉवेल उगीच सरळ केले. मग पुन्हा येऊन दादाच्या अभ्यासाची मागची पानं काढली. तिथे वापरलेल्या सगळ्या अभ्यासांची यादी असते, बारीक अक्षरात. मी भिंग घेतलं. का घेतलं ते तोवर मलाही धड माहीत नव्हतं.

यादीच्या मध्यावर आमच्या सरांचा अभ्यास होता.

सर म्हणजे माझ्या हॉस्पिटलातले हाडांच्या विभागाचे प्रमुख. आता ते नाहीत. मी तिथे रेकॉर्ड विभागात होते. इंग्रजीत बीए केलेली बाई म्हणून सरांनी मला त्यांच्या अभ्यासाची कागदपत्रं सांभाळायला घेतलं होतं. विषय हाच, मोडलेला खांदा. काहींचं ऑपरेशन केलेलं, काहींचं नाही. वर्षाने सगळ्यांना परत बोलवायचं आणि हात कितपत चालतो ते लिहायचं. माझं काम बोलवण्याचं. प्रत्येक पेशंटसमोर एक चौकोन: चांगला, मध्यम, वाईट.

मी पोस्टकार्डं पाठवली. निम्मे आले, निम्मे नाही. तेव्हा गिरण्या बंद पडत होत्या. लालबाग-परळची कितीतरी कुटुंबं कोकणात गावी गेलेली, काही जाऊन येऊन असलेली. सर वैतागले होते. एवढे लोक हरवले तर बाहेर कुणी हा अभ्यास छापणार नाही, म्हणाले. मग मी अर्ध्या दिवसाच्या सुट्ट्या टाकून केस पेपरवरचे पत्ते घेऊन स्वतः फिरायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. मला रिकामा चौकोन सहन होत नसे.

वरळीच्या बीडीडी चाळीत एका खोलीला कुलूप होतं. शेजारच्या बाईने दारातच मला तांब्या दिला आणि मग विचारलं, कुठून आलात? मी हॉस्पिटलचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "बरे आहेत की. गावाला गेलेत, शेती करतायत." मी विचारलं, हात वर जातो का? म्हणाली, "जात असणार, त्याशिवाय गेलेत व्हय!" मी चौकोनात लिहिलं: चांगला. खाली बारीक अक्षरात, शेजाऱ्यांकडून कळलं. तशी किती दारं झाली मला आठवत नाही. सगळीकडे एकच उत्तर. आपल्याकडे घरात नसलेल्या माणसाच्या तब्येतीबद्दल हॉस्पिटलातून आलेल्या परक्या बाईला कुणी वाईट सांगत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी स्वतः तशीच वागले असते. पण चौकोन भरत होते आणि मला हलकं वाटत होतं. नंतर फेअर कॉपी करताना शेजाऱ्यांची ती बारीक ओळ उतरवायला फॉर्मवर जागा नव्हती. मी जागा केली नाही.

सगळ्यात जास्त आठवते ती कफ परेडच्या मच्छीमार नगरातली एक कोळीण. तिचं ऑपरेशन सरांनी स्वतः केलं होतं. ती घरी भेटली, दारात बोंबील वाळत घालत होती. मी म्हटलं, हात दाखवा. तिने डावा हात वर केला आणि हसली. उजवा, मी म्हटलं. उजवा खांद्यापर्यंतही आला नाही. म्हणाली, चांगला आहे म्हणून लिही. मी म्हटलं, मावशी, जे आहे ते लिहायचं असतं. तिने बोंबील सरळ केले आणि माझ्याकडे न बघता बोलली. "डॉक्टरनी चार तास उभं राहून माझा हात शिवला. त्याचं नाव मी कशाला खराब करू, बाय? पाटी लेक उचलून देते डोक्यावर. चांगला लिही."

मी चांगला लिहिलं.

परतताना बसमध्ये मला एक गोष्ट सुचली होती आणि मी ती मनातून झटकून टाकली होती. ज्यांचं ऑपरेशन झालं नव्हतं, नुसता हात बांधला होता, ते मोकळेपणाने तक्रार करत. दुखतं, आखडलाय, काही उपयोग नाही झाला. त्यांच्यासाठी कुणी चार तास उभं राहिलेलं नव्हतं, मग भीड कुणाची धरणार? भीड फक्त ऑपरेशनवाल्यांना होती. म्हणजे माझ्या चौकोनांतलं गोड बोलणं सगळं एकाच बाजूला साठत होतं. मी हे सरांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. अभ्यास छापून आला तेव्हा सरांनी विभागात पेढे वाटले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, या बाई नसत्या तर हे झालंच नसतं.

खरं होतं ते.

आता भिंगाखाली तोच अभ्यास. दादावाल्यांनी प्रत्येक अभ्यासाला गुण दिले होते, विश्वास किती ठेवायचा त्याचे. सरांच्या अभ्यासाला एका रकान्यात पूर्ण गुण होते. रकाना होता, किती पेशंट शेवटपर्यंत सापडले. जवळजवळ सगळे, असं लिहिलं होतं. मग मी तुझ्या अभ्यासाची पानं काढली. तिथे शेवटी वगळलेल्या अभ्यासांची यादी होती, कारणासकट. सर तिथेही होते. कारण: कुणाचं ऑपरेशन करायचं हे चिठ्ठीने ठरवलेलं नाही. माझ्यामुळे नव्हे. माझ्याबद्दल दोन्हीकडे कुणालाच काही माहीत नव्हतं. एकाने त्यांना भलत्याच कारणासाठी बाहेर ठेवलं होतं आणि दुसऱ्याने, निदान त्या एका रकान्यात, माझ्या खोट्या नीटनेटकेपणाचेच गुण देऊन आत घेतलं होतं.

आजोबा आतून विचारत होते, चहा होणार आहे का आज? मी आले म्हटलं आणि तशीच बसून राहिले.

आठवा दिवस होता. मी त्यांना आंघोळ घालून, केस विंचरून परळला घेऊन गेले. तक्ता बरोबर होता. सर्जनने तो उलगडून टेबलावर ठेवला आणि मन लावून वाचला. मग मी तिला सगळं सांगितलं, शेजारणी, कोळीण, पेढे. आजोबा शेजारीच बसले होते. त्यांनीही ते पहिल्यांदाच ऐकलं. लग्नाला बावन्न वर्षं झाली आहेत आमच्या.

मला वाटलं होतं सर्जन दचकेल. ती हसली. म्हणाली, तुमच्या सरांचा अभ्यास इतक्यांतला एक, तोही लहान. तो काढून टाकला तरी बेरीज फार हलेल असं वाटत नाही. मी सुटकेचा श्वास घेणार तोच ती पुढे म्हणाली, "पण यातले बहुतेक अभ्यास लहानच आहेत, काकू. आणि प्रत्येक ठिकाणी तुमच्यासारखी एखादी नीटनेटकी बाई असणारच."

मग तिने तक्त्यावर पेन्सिलने एका जागी गोल केला. म्हणाली, तुम्ही बाकी सगळं टिपलंत, हे राहिलं. दादाच्या अभ्यासात ऑपरेशनवाल्यांना जास्त गुण मिळाले हे खरं, पण फरक इतका थोडा होता की पेशंटला स्वतःला तो जाणवेल की नाही, शंका आहे. कागदावर जिंकले, अंगावर नाही. तुझ्यावाल्यांनी तेवढ्याच फरकाला फायदा नाही म्हटलं. आकडे फारसे लांब नव्हते, त्यांना म्हणायचं काय यावर वाद होता. मी विचारलं, मग खरं कोण? ती म्हणाली, दोघांनी वेगवेगळा प्रश्न विचारलाय. आणि यांचा प्रश्न दोघांनीही विचारलेला नाही. असं म्हणून ती आजोबांकडे वळली.

काका, तुम्हाला काय हवंय?

आठ दिवसांत हे त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही. मी धरून चालले होते की त्यांना आंघोळ हवी आहे. भिंतीकडे केलेलं ते तोंड बघून मी ठरवूनच टाकलं होतं. चौकोन भरला होता.

आजोबा म्हणाले, मला उजव्या कुशीवर झोपायचंय. पलंगाची उजवी बाजू हिची आहे. सर्जनने मान हलवली, लिहून घेतलं. मग ते पुढे बोलले. "आणि मला पूर्ण भूल नको. हर्नियाच्या वेळी मी चार दिवस हिला ओळखत नव्हतो. हिला बाई म्हणत होतो. मला ते नंतर कळलं. तो हात गेला तरी चालेल, ते पुन्हा नको."

हे तुम्हाला माहीत नाही. सहा वर्षांपूर्वी हर्नियाच्या ऑपरेशननंतर मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं की थोडा थकवा आहे. थकवा नव्हता. ते भ्रमात होते. नर्सला सांगत होते की या बाईंना घरी पाठवा, यांची माणसं वाट बघत असतील. पाचव्या दिवशी सकाळी मला बघून त्यांनी चष्मा मागितला, तेव्हा मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा म्हटलं, बरे आहेत. बीडीडी चाळीतली शेजारीण आणि मी, आमच्यात काय फरक?

सर्जन म्हणाली, तसा भ्रम एकदा झालेल्यांना पुन्हा होण्याची शक्यता जास्त. भुलीचे दुसरे प्रकार आहेत, पण नक्की काही सांगता येणार नाही. दोन्ही अभ्यासांत हे कुणी मोजलंय का, मी विचारलं. तिने पानं चाळली. दोन्हींत नव्हतं.

तुम्हाला वाटेल की निर्णय तिथेच झाला. झाला नाही. टॅक्सीत मी त्यांच्याशी भांडले. मला ऑपरेशन हवं होतं. हो, तक्ता करून, सगळं कबूल करून झाल्यावरसुद्धा. तुकडे तुकडे झालेलं काहीतरी मी नुसतं बांधून ठेवू शकत नाही. ते नीट बसवलेलं मला दिसावं लागतं. मी म्हटलं, अहो, चार दिवसांचा भ्रम आणि आयुष्यभर दुसऱ्याकडून सदरा घालून घेणं, यात निवड करा. ते म्हणाले, केली. मी म्हटलं, उगाच हट्ट करताय. ते म्हणाले, तू चार दिवस माझ्याजवळ बसून होतीस, मी तिथे नव्हतो, हे विसरतेस. मग ऑपेरा हाउसपर्यंत आम्ही दोघं आपापल्या खिडकीबाहेर बघत होतो. टॅक्सीवाला आरशातून बघत होता.

नववा आणि दहावा दिवस मी घरात नुसती फिरत होते. दोन्ही अभ्यास पुन्हा वाचले. सरांचा अभ्यास यादीतून खोडला, पुन्हा लिहिला. तुला फोन लावायचा ठरवलं, लावला नाही. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, बघ, मी म्हणत होते ना. दादाला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, एका बाईच्या आठवणीने पुरावा बदलत नाही. दोघंही बरोबर असतात, म्हणून मला भीती वाटते तुमची. अकराव्या दिवशी आजोबांनी स्वतः सर्जनला फोन केला आणि सांगितलं, नको. ती म्हणाली, ठीक आहे, सोमवारी या, व्यायाम सुरू करू. एवढंच. मी शेजारी उभी होते. मी बोलायला फोन मागितला नाही, याचं आजही मला नवल वाटतं.

पुढचं तुम्ही फोनवर तुकड्यातुकड्याने ऐकलंत, पण मी नेहमीसारखं बरं आहे, बरं आहे केलं. तसं नव्हतं. पहिले सहा आठवडे वाईट गेले. फिजिओथेरपीची मुलगी हात धरून वर न्यायची तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. एकदा त्यांनी तिला शिवी दिली, मग दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी भायखळ्याहून मटार आणवले, भाजीवालीला फोन करून. आंघोळ दोन महिने मी घातली. त्यातल्या एका दिवशी मी म्हटलं, ऑपरेशन केलं असतं तर एव्हाना झालं असतं. त्यांनी माझ्या हातातला तांब्या डाव्या हाताने काढून घेतला. मला तो शब्द परत घेता आला असता तर घेतला असता.

तिसऱ्या महिन्यात मी स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलने रेघा मारायला लागले. ते भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचे, बोटं थांबतील तिथे रेघ आणि तारीख. रविवारी एक, गुरुवारी एक. रेघ वर गेली की माझा दिवस चांगला जायचा. खाली आली की मी डॉक्टरला फोन करू का, करू का, असं करत फिरायची. पहिली रेघ माझ्या कोपराच्या उंचीवर आहे. वरची त्यांच्या कानाच्या पाळीपर्यंत येते. मध्ये दोनदा खाली घसरलेली आहे. सदरा ते आता पुढून बटणांचा घालतात, स्वतः. उजवा हात आधी घालतात, मग डावा. आंघोळही स्वतः करतात, पाठ सोडून. भांग डाव्या हाताने पाडतात आणि तो तिरका पडतो. उजव्या कुशीवर ते झोपतात, उशीची घडी खांद्याखाली घेऊन. कधी वळतात, कधी नाही.

तेव्हा तुम्हाला उत्तर हवं असेल तर हे आहे. ऑपरेशन केलं असतं तर बोटं त्या चौकटीवर कुठे पोचली असती, हे कुणाला कधीच कळणार नाही. आजोबा एकच आहेत. दुसऱ्या आजोबांचं ऑपरेशन करून मला मोजता येत नाही. आणि ते दुसरे आजोबा मला ओळखत असते का, तेही माहीत नाही. तुमचे दोन्ही अभ्यास कपाटात आहेत, तुम्ही आलात की घेऊन जा. भांडा, पण त्यांवरून भांडू नका, त्यांत मी आहे.

गेल्या महिन्यात, गुरुवारी, मी पेन्सिल घेऊन उभी राहिले तेव्हा आजोबांनी हात खाली केला. म्हणाले, पुरे आता.

मी म्हटलं, अहो, एकच रेघ. नुसतं बघायचंय.

"तू बघतेस म्हणून मी ताणतो," ते म्हणाले. "तुझ्यासाठी दोन बोटं जास्त नेतो आणि मग दुपारभर दुखतं. तुझ्या रेघा खोट्या आहेत."

त्यानंतर मी रेघ मारलेली नाही. शेवटची तारीख महिन्याभरापूर्वीची आहे, तिच्या वर चौकट मोकळी आहे. आज सकाळी त्यांनी वरच्या फळीवरचा चहाचा डबा काढला. मी तेव्हा मोरीत होते. कुठल्या हाताने काढला, ते मला दिसलं नाही. विचारायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.